‘एमएस-सीआयटी करू का?’

लॅमिनेशन केलेल्या कागदात एकदा पाणी शिरलं की ते नीट वाळत नाही. आमच्या शेजारच्या मुलीचं एमएस-सीआयटी या संगणक कोर्सचं प्रमाणपत्र मी हातात घेऊन पाहिलं आहे. खालच्या डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकचे दोन थर जरासे सुटलेत. तिथून गढूळ पाणी आत गेलं आणि तपकिरी डाग कायमचा बसला. डाग तिच्या आडनावापर्यंत येऊन थांबला आहे.

२२ जुलै २०२१ चा पूर. सावित्री आणि गांधारी दोन्ही नद्या एका रात्रीत आमच्या महाडात शिरल्या, बाजारपेठेतले तळमजले बुडाले. तळिये गावावर दरड कोसळली ती याच दिवशी. पाणी ओसरल्यावर कितीतरी घरांपुढे दोऱ्यांवर कपड्यांच्या शेजारी गुणपत्रिका वाळत होत्या, चिमट्यांनी लावलेल्या. तिच्या दहावी-बारावीच्या साध्या गुणपत्रिका सुरकुतल्या, पण वाळल्या. सगळ्यांत जपायचा कागद म्हणून पैसे देऊन लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र मात्र आतून डागाळलं.

ही मुलगी मूळची पोलादपूर तालुक्यातली, उमरठच्या बाजूची. लग्न होऊन महाडात आली. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात कामाला आहे. तिची धाकटी बहीण यंदा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि रोज एसटीने पोलादपूरहून महाडला येते. गणपतीनंतर एका संध्याकाळी त्यांचे वडील माझ्याकडे आले. ते गवंडीकाम करतात, मी त्यांना मामा म्हणतो. चहा अर्धा झाल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेलं एक पत्रक काढलं.

“भाऊ, हिला कॉम्प्युटरचा कोर्स लावू का? पाच हजार सांगतात. मोठीने पण केला होता. तिला कुठं नोकरी लागली?”

मामांचा प्रश्न आजच्या कोकणात घराघरात विचारला जातो. पत्रक बदलतं, रक्कम बदलते. पोलादपूरच्या बापाला पाच हजारांचा प्रश्न पडतो, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणाऱ्या पोराला अमेरिकी कंपनीच्या क्लाउड परीक्षेच्या शंभर डॉलरचा. दोघांना मिळणारी उत्तरंही सारखीच. क्लासवाला म्हणतो, करून ठेव, उपयोगी पडेल. ज्याने केलं आणि नोकरी लागली नाही तो म्हणतो, काही फायदा नाही. ही दोन्ही उत्तरं मला पटत नाहीत, कारण दोघंही एक गोष्ट विचारत नाहीत: तुला कुठल्या दारात उभं राहायचं आहे आणि त्या दारावरचा माणूस काय मागतो?

हे मला कळलं ते स्वतः पैसे घालवून. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका क्लासमध्ये मी सहा महिन्यांचा ‘डिप्लोमा’ केला. सोनेरी किनारीचं मोठं प्रमाणपत्र मिळालं, वर गोल शिक्का. पहिल्याच अर्जाच्या वेळी खिडकीतल्या कारकुनाने ते पाहिलं, उलटं करून पाहिलं आणि परत दिलं. “हे यादीत नाही.” तो रागावला नव्हता. त्याच्यापुढे एक यादी होती आणि माझ्या क्लासचं नाव तीत नव्हतं. सहा महिने, आईने भिशीतून काढून दिलेले पैसे, सगळं त्या तीन शब्दांत संपलं. तेव्हापासून कुणीही कोर्सबद्दल विचारलं की मी आधी जाहिरात वाचायला सांगतो.

मग आजची यादी कुठली? महाराष्ट्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचा ४ फेब्रुवारी २०१३ चा शासन निर्णय आहे. सरकारी भरतीच्या जाहिरातीत ‘संगणक अर्हता’ या शब्दांपुढे बहुतेक वेळा त्याचाच हवाला असतो. त्यात एमएस-सीआयटी आहे. त्याच्या बरोबरीने सीसीसी आहे, ओ लेव्हल आणि त्यावरच्या पातळ्याही आहेत. सीसीसी ही केंद्र सरकारच्या नायलिट या संस्थेची परीक्षा. जुनी मंडळी या संस्थेला डोएक म्हणून ओळखतात. ऐंशी तासांचा अभ्यासक्रम, शंभर वस्तुनिष्ठ प्रश्न, नव्वद मिनिटं. परीक्षेची फी पाचशे रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ५९० रुपये. कुठल्याही क्लासला न जाता थेट परीक्षेला बसता येतं. एमएस-सीआयटीला पाच हजारांच्या आसपास लागतात. जाहिरातीच्या त्या ओळीत दोन्ही कागद शेजारी शेजारी बसलेले आहेत. मामांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पत्रक पुन्हा उलगडलं आणि आकडा पुन्हा वाचला.

तरीही मी एमएस-सीआयटीच्या विरोधात नाही. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं. विवेक सावंत यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यात नेला. मराठीत शिकवला, मराठीत परीक्षा घेतली, आणि प्रमाणपत्रावर महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळाचं नाव आणलं. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी तो केला आहे. ज्या काळात महाडात कुणाच्या घरी कॉम्प्युटर असणं ही बातमी होती, त्या काळात शेतकऱ्याच्या पोरीला रोज दोन तास यंत्रासमोर बसायला मिळालं ते या केंद्रांमुळे. ज्याच्या घरात संगणक नाही आणि ज्याला घरी बसून पुस्तकातून शिकणं जमणार नाही, त्याच्यासाठी ती फी त्या दोन तासांची आहे. थोरलीचं म्हणणंही हेच. “काका, त्या कागदाने मला नोकरी दिली नाही. पण माऊस धरताना हात थरथरायचा तो थांबला. आज दुकानात बसते ती त्याच्याच जोरावर.”

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा मी तिला काम करताना पाहिलं होतं. दुकानाच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत बायांची रांग. कुणाच्या आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, बँकेच्या पासबुकात माहेरचं. ही मुलगी मान वर न करता एकेक अर्ज भरत होती, आणि मध्येच थांबून सांगत होती, “मावशी, पासबुकातलं नाव आधी बदलून घ्या, नाहीतर पैसे अडकतील.” हे तिला कुठल्या कोर्सने शिकवलं नव्हतं, पण कोर्स केला नसता तर ती त्या खुर्चीवर बसलीच नसती.

आता सरकारी दाराकडे पाहू, कारण महाड-पोलादपूरच्या बहुतेक घरांच्या मनात तेच असतं. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदं जाहीर झाली. अर्ज आले दहा लाखांहून जास्त. एका खुर्चीमागे दोनशेपेक्षा अधिक माणसं. अर्जाची फी खुल्या वर्गाला हजार रुपये, राखीव वर्गाला नऊशे. म्हणजे एका भरतीचा अर्ज सीसीसीच्या परीक्षेपेक्षा महाग. त्या दहा लाखांत एमएस-सीआयटी झालेले लाखांनी असणार. जो कागद सगळ्यांकडे आहे तो असल्याने कुणी पुढे जात नाही, आणि नसला तर मात्र निवड होऊनही माणूस अडकू शकतो. म्हणून त्याला गुणवत्ता समजू नये, फाटकावरचं तिकीट समजावं.

त्यातही एक बारीक ओळ असते आणि ती घाईत कुणी वाचत नाही. बऱ्याच पदांच्या जाहिरातीत संगणक अर्हता नेमणुकीनंतर दोन वर्षांच्या आत मिळवली तरी चालते. तलाठ्याची परीक्षा देणाऱ्या मुलाने आधी गणित, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञानावर वेळ घालवावा की माऊसवर, याचं उत्तर त्या ओळीत आहे. लिपिक-टंकलेखकाचं तसं नाही. तिथे मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टंकलेखनाचं शासकीय प्रमाणपत्र आधीच हवं, आणि ते एमएस-सीआयटीने मिळत नाही. त्यासाठी पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी ही वेगळी परीक्षा आहे. एमएस-सीआयटी झाली म्हणजे टायपिंग झालं असं समजून अर्ज भरलेली आणि कागदपत्रांच्या तपासणीत बाहेर पडलेली मुलं थोरलीने दुकानात पाहिली आहेत. एकजण तर काउंटरवरच रडायला लागला होता.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. लिपिक-टंकलेखक आणि कर सहायक या पदांसाठी एमपीएससी आता टंकलेखनाची वेगळी कौशल्य चाचणी घेते. उमेदवाराकडे शासनाचंच टायपिंगचं प्रमाणपत्र असतं, तरी त्याला पुन्हा की-बोर्डपुढे बसवून घड्याळ लावतात. शासनानेच दिलेल्या कागदावर शासनाची दुसरी संस्था विसंबत नाही. क्लास लावून परीक्षा पास झालेल्या आणि नंतर दोन वर्षं की-बोर्डला हात न लावलेल्या मुलांची गळती तिथेच होते.

या गावात कागदाची आणि हक्काची गोष्ट काढली की पाय आपोआप तळ्याकडे वळतात. मामांशी पुढचं बोलणं झालं ते चवदार तळ्याच्या काठावर, त्यांना तिथे बसायला आवडतं म्हणून. येत्या २० मार्च २०२७ ला इथल्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. माझ्या मनात त्यातली एक बाब सारखी येते. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने तसाच ठराव करून तळं खुलं केलं. कागद तयार होता, शिक्क्यासकट. पुढची तीन वर्षं अस्पृश्यांपैकी कुणी ते पाणी पिऊ शकलं नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडात परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसं पायऱ्या उतरली तेव्हा ते पाणी ओंजळीत आलं. मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला, डिसेंबरमध्ये खटला दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. दहा वर्षं. मग कागद निरुपयोगी होता का? मला तसं वाटत नाही. बोले ठराव आणि नगरपालिकेचा ठराव नसता तर परिषद कशाच्या आधारावर चालून गेली असती? पण नुसत्या ठरावाने कुणाची तहान भागली नाही, हेही तितकंच खरं.

त्या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी बंद झालेल्या लष्करभरतीबद्दल बोलताना सरकारी नोकऱ्यांत शिरण्याचा आग्रह धरला होता. सरकारी खुर्चीचं महत्त्व त्यांनी महाडातच सांगितलं, आणि ज्यांच्या आजा-पणजांनी ते ऐकलं त्यांच्या वाड्यांतून आजही तलाठी, शिक्षक, पोलीस होण्याची ओढ मोठी आहे. याला कुणी ‘सरकारी नोकरीचं वेड’ म्हटलं की मला राग येतो. खासगी नोकरीत आजही पहिला प्रश्न असतो, कुणाकडून आलास? ठेकेदार कोण, ओळख कुणाची, गाव कुठलं, आडनाव काय. सरकारी जाहिरातीत अटी छापलेल्या असतात आणि त्या सगळ्यांना सारख्या असतात. ज्याच्यामागे ओळख नाही त्याच्यासाठी छापील अट हा आधार असतो. म्हणूनच त्या अटीतला कागद त्याच्याकडे हवा.

या भूमीतलं आणखी एक नाव सांगतो. रामचंद्र बाबाजी मोरे, महाड परिषदेच्या मुख्य संघटकांपैकी एक. दासगावच्या परिसरातला हा मुलगा लहानपणी शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाला, तरी महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला दार उघडलं नाही. त्याने वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, ते छापून आलं, मग प्रवेश मिळाला. परीक्षा पास झाल्याचा कागद आणि तो कागद दाखवून भांडण्याची अक्कल, दोन्ही त्या पोराकडे होतं.

मामा हे ऐकत होते. मध्येच म्हणाले, “आमच्याकडे कागद बांधकाम कामगाराचा आहे. त्याचीच भांडी मिळाली.”

तेव्हा मला सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची योजना लोकांना ठाऊक आहे ती भांड्यांच्या संचामुळे. पण नोंदणी चालू असलेल्या कामगाराच्या दोन मुलांची एमएस-सीआयटीची फी मंडळ परत देतं. मामांनी कार्ड काढलं. नूतनीकरणाची तारीख उलटून गेली होती. नव्वद दिवस काम केल्याचा दाखला आणून ते जिवंत करून घ्यावं लागणार होतं. पाच वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर थोरलीचेही पैसे परत आले असते का, असं ते विचारत राहिले. अशा वाटा इतरही घरांना आहेत. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीने एमकेसीएलच्या केंद्रांतूनच मोफत संगणक अभ्यासक्रम चालवला आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी आणि इतर मागासवर्गासाठी महाज्योती यांच्या प्रशिक्षण योजना असतात. पाच हजारांचं पत्रक वाटणाऱ्यावर हे सांगायची जबाबदारी नाही. आपणच विचारायचं.

दुसरं दार महाड एमआयडीसीचं. रसायनांचे कारखाने, बिरवाडीच्या बाजूला संध्याकाळी सुटणाऱ्या पाळ्या. ऑफिसातली कामं असतात डिस्पॅचची, गेटवरच्या नोंदीची, वजनकाट्याची, स्टोअरची. एका कारखान्यात डिस्पॅच बघणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांना मी विचारलं की मुलं निवडताना प्रमाणपत्र बघता का? त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एक्सेलच्या दोन शीट. एकीत गाड्यांचे नंबर आणि चलन, दुसरीत गाड्यांचे नंबर आणि वजन. उमेदवाराला सांगायचं, प्रत्येक चलनासमोर वजन आणून दाखव. व्हीलुकअप येणारी मुलं सूत्र लावतात आणि निम्म्या ओळींत चूक दिसते. कारण पहिल्या शीटमध्ये ‘एमएच०६’ सलग लिहिलंय, दुसरीत मध्ये मोकळी जागा आहे, कुठे आडवी रेघ आहे. माणसाच्या डोळ्याला ती एकच गाडी, कॉम्प्युटरला तीन वेगळ्या. “बरीच मुलं म्हणतात, सर, कॉम्प्युटर बिघडलाय. जो म्हणतो, नंबर सारखे लिहिलेले नाहीत, आधी साफ करतो, त्याला मी घेतो. प्रमाणपत्र फाइलीला लावायला नंतर मागतो.”

ही परीक्षा मी घरी येऊन स्वतः देऊन पाहिली. चाळीस ओळी साफ करायला मला पाऊण तास लागला. शेवटी फाइंड-रिप्लेसने दोन मिनिटांत होतं हे कळलं तेव्हा जो आनंद झाला तो कुठल्याही प्रमाणपत्राने झाला नव्हता. थोरली आता धाकटीला अशीच शीट करून देणार आहे, दुकानातल्याच अर्जांच्या नावांची.

तिसरं दार घाटावरचं आणि मुंबईचं, खरीखुरी आयटी. वरंध घाट पावसाळ्यात बंद असला तरी पोरं ताम्हिणीने पुण्याला जातातच. तिथे पोलादपूरच्या मुलाला पहिलं काम मिळू शकतं ते डेस्कटॉप सपोर्टचं किंवा हेल्पडेस्कचं: प्रिंटर चालत नाही, पासवर्ड विसरला, वायफाय तुटतंय. या कामासाठी ‘हार्डवेअर-नेटवर्किंग’चे क्लास असतात, आणि पत्रकावर मोठ्या अक्षरांत सीसीएनए लिहिलेलं असतं. इथे फार मोठी फसगत होते. क्लास पुरा केल्याचं क्लासचं प्रमाणपत्र म्हणजे सीसीएनए नव्हे. सीसीएनए ही सिस्को कंपनीची परीक्षा, क्रमांक २००-३०१, दोन तासांची, इंग्रजीतली. तिची फी तीनशे डॉलर, कर धरला नाही तरी रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढे, आणि क्लासच्या फीत ती बहुधा नसते. शिवाय प्रमाणपत्र तीन वर्षांनी संपतं. पूर येण्याआधीच.

माझं मत असं की नेटवर्कच्या कामात खरंच जायचं असेल तर सीसीएनए ही मोजक्या परीक्षांपैकी एक आहे जिला कंपन्या मान देतात, कारण ती घोकून पास होणं अवघड आहे. पण सुरुवात पंचवीस हजारांनी करू नये. सिस्कोचंच पॅकेट ट्रेसर नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, त्यात कागदी नावेसारखं खोटं नेटवर्क बांधता येतं, राउटर जोडता येतात, मोडता येतात. तीन महिने ते करून पाहावं. गोडी लागली आणि काम मिळालं, तर पहिल्या वर्षाच्या पगारातून परीक्षा द्यावी. पुष्कळदा कंपनीही पैसे देते.

अमेरिकेत राहणाऱ्या नातलगांकडून आणखी एक नाव कानावर येतं, कॉम्पटिया ए-प्लस. दोन परीक्षांचं प्रमाणपत्र, तेही तीन वर्षांचं. तिकडे हेल्पडेस्कच्या जाहिरातीत ते मागतात, आणि त्यामागचं एक कारण आपल्याला चांगलं समजेल. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००५ साली ८५७० क्रमांकाच्या नियमावलीत कुठल्या संगणक कामासाठी कुठलं प्रमाणपत्र हवं याची यादी केली. ए-प्लस त्या यादीत आलं, सिक्युरिटी-प्लस आलं, आणि त्या कागदांचा भाव वाढला. तिथेही यादीच. आपल्याकडे तशी यादी ए-प्लसला लाभलेली नाही. म्हणून नातलगाच्या शब्दावर महाडात बसून ते करणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातल्या मुलांचा प्रश्न वेगळ्या पातळीवरचा आहे. त्यांच्याकडे पदवी येणार आहे. एडब्ल्यूएस या अमेरिकी कंपनीच्या क्लाउड प्रॅक्टिशनर परीक्षेला शंभर डॉलर भरावेत की नाही? पासष्ट प्रश्न, नव्वद मिनिटं. त्या परीक्षेने एवढंच सिद्ध होतं की क्लाउडच्या दुनियेतले शब्द तुला ठाऊक आहेत. मुलाखतीत पुढचा प्रश्न येतो, मग काय बांधलंस? त्याला उत्तर नसेल तर शंभर डॉलर बोलत नाहीत. स्वयम आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, परीक्षा हजार रुपयांत देता येते. गावच्या पाणीपुरवठ्याची पट्टी वसूल झाली की नाही हे दाखवणारं छोटं ॲप एखाद्या मुलाने ग्रामपंचायतीला करून दिलं, तर मुलाखतीत तो अर्धा तास बोलू शकेल.

आणि आता हे सगळं एका जड सावलीत चाललं आहे. २०२५ च्या जुलैत टीसीएसने सुमारे बारा हजार माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं. नुसती नक्कल, नुसती नोंद, ठरावीक उत्तर हे काम यंत्र करू लागलं आहे, आणि नवख्याचं पहिलं काम नेमकं तेच असायचं. मला याची काळजी वाटते. मामांना मी हेही सांगितलं. पण गाड्यांचे नंबर सारखे का नाहीत, मावशीचं पासबुकातलं नाव वेगळं का, हे बघणारी नजर इतक्यात जायची नाही असंही वाटतं.

तळ्याकाठी अंधार पडायला लागला तेव्हा धाकटी कॉलेजातून थेट तिथेच आली. आम्ही तिच्या फोनवर दोन जुन्या जाहिराती उघडल्या, एक तलाठ्याची आणि एक लिपिकाची. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, हे तिनेच मला सांगितलं. ती मोठ्याने वाचत होती आणि मामा एकेक अट बोटावर मोजत होते. पदवी पूर्ण व्हायला अजून अडीच वर्षांहून जास्त काळ आहे. पदवीधराच्या पदांचा अर्ज तोवर भरताच येणार नाही. मग आज घाईघाईने पाच हजार कशाला?

ठरलं ते असं. आधी मामांनी कार्ड जिवंत करायचं. त्यानंतर एमएस-सीआयटी, म्हणजे फी परत मागता येईल. कार्ड अडकलं तर सीसीसी. टायपिंग मात्र आजपासून, कारण ते उशिरा सुरू केलं तर बोटं वळत नाहीत, आणि मराठी ३० चा वेग दोन महिन्यांत येत नाही. टायपिंगच्या परीक्षेला क्लास लागेलच, पण तोवर सराव ताईच्या दुकानात, बंद व्हायच्या आधीचा अर्धा तास. दुकानाच्या मालकांनी हो म्हटलं, वीजबिलाचं नावही काढलं नाही.

परवा मी दुकानापुढून जात होतो. शटर अर्धं खाली. आत धाकटी बसली होती, शेजारी थोरली फोनवर एक मिनिटाचं घड्याळ लावून. मजकूर म्हणून तिने नगरपालिकेची पाणीपट्टीची नोटीस दिली होती, जोडाक्षरं भरपूर असतात म्हणून. पहिल्यांदा १४ शब्द. ‘थकबाकीदार’मध्ये बोट अडकत होतं. दुसऱ्यांदा १७. बाहेर मामा येऊन उभे राहिले, पोलादपूरची गाडी स्टँडला लागली होती, त्यांनी शटर वाजवून हाक मारली.

“एकच मिनिट, बाबा,” ती म्हणाली, आणि ताईने घड्याळ पुन्हा लावलं.